इगतपुरीच्या रिसॉर्टमधलं कॉल सेंटर: ऑनलाइन फसवणूक कशी चालते आणि ती कशी ओळखायची?

पावसाळ्यात धुकं आणि धबधबे पाहायला लोक ज्या इगतपुरीला जातात, तिथल्या एका रिसॉर्टवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, छापा टाकला. रिसॉर्टमधल्या भाड्याच्या जागेत एक कॉल सेंटर चालू होतं. सीबीआयने दिलेल्या माहितीनुसार तिथे ६२ कर्मचारी काम करताना सापडले. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाईल, १ कोटी २० लाख रुपयांची बेहिशेबी रोकड, ५०० ग्रॅम सोनं आणि सात महागड्या गाड्या जप्त झाल्या. पाच जणांना अटक झाली.

आरोप असा, की हे लोक 'अ‍ॅमेझॉन'च्या ग्राहक सेवा केंद्रातून बोलत असल्याचं भासवून अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांतल्या नागरिकांना फसवत होते. पैसे गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टोकरन्सीच्या रूपात घेतले जात होते. आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवेल. पण सीबीआयच्या निवेदनातला एक तपशील ऑनलाइन फसवणूक समजून घ्यायला फार उपयोगी आहे. या केंद्रासाठी सुमारे ६० जण नेमले होते आणि त्यांची कामं तीन प्रकारांत वाटलेली होती: डायलर, व्हेरिफायर आणि क्लोजर.

म्हणजे पहिला फोन लावणारा, दुसरा खात्री पटवणारा आणि तिसरा व्यवहार उरकणारा. फसवणूक हा एखाद्या चलाख भामट्याचा उद्योग राहिलेला नाही. तिथे पाळ्या असतात, कामाची वाटणी असते आणि काय बोलायचं याची संहिता लिहून दिलेली असते. ही संहिता ओळखता आली, तर समोरचा कोणत्या नावाने फोन करतोय याला फारसं महत्त्व उरत नाही.

तीन पायऱ्यांची संहिता

अशा केंद्रांची सर्वसाधारण रीत अशी असते. आधी हजारो लोकांना एकच ईमेल, एसएमएस किंवा रेकॉर्ड केलेला फोन जातो: 'तुमच्या खात्यावरून महागड्या फोनची ऑर्डर नोंदवली गेली आहे. ती तुम्ही केलेली नसेल तर लगेच या क्रमांकावर संपर्क साधा.' बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. काही जण घाबरून फोन लावतात. ज्यांनी फोन लावला ते आपणहून गळाला लागलेले असतात. पहिल्या माणसाचं काम एवढंच, की कोण घाबरलं आहे ते शोधायचं.

मग फोन 'वरिष्ठ अधिकाऱ्याकडे' जातो. हा दुसरा माणूस शांत आणि मदतीच्या सुरात बोलतो. तो नाव, पत्ता, कधी कधी कार्डाचे शेवटचे चार आकडेही बरोबर सांगतो. ही माहिती आधीच कुठून तरी फुटलेल्या याद्यांमधून आलेली असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं की समोरचा खरोखर कंपनीचाच आहे. याच टप्प्यावर फोनचा किंवा संगणकाचा पडदा दूरवरून पाहता येईल असं अ‍ॅप घ्यायला सांगितलं जातं.

तिसरा माणूस पैसे काढून घेतो. 'तुमचे पैसे सुरक्षित ठेवण्यासाठी' ते दुसऱ्या खात्यात पाठवा, गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यावरचा क्रमांक वाचून दाखवा, अशी मागणी होते. गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टो यांना पसंती असते, कारण एकदा क्रमांक सांगितला किंवा नाणी पाठवली की ती परत मागवण्याची सोय जवळपास नसते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकून शेकडो कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतलं होतं. तिथून अमेरिकेतल्या लोकांना 'आम्ही कर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकला आहे, अटक होईल' असे फोन जात होते. त्या वेळी सोंग कर अधिकाऱ्याचं होतं, नऊ वर्षांनी ग्राहक सेवेचं. चाल मात्र तीच.

'फिशिंग' हे नाव कुठून आलं?

मासे धरणं या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग जरा बदलून 'फिशिंग' हा शब्द तयार झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 'एओएल' ही इंटरनेट सेवा लोकप्रिय होती. तिच्या ग्राहकांना 'आम्ही कंपनीचे कर्मचारी आहोत, खात्याची पडताळणी करायची आहे' असे संदेश पाठवून पासवर्ड उकळले जात. तेव्हापासून हा शब्द रुळला.

खऱ्या संस्थेचं सोंग घेऊन समोरच्याकडून पासवर्ड, ओटीपी, पैसे किंवा फोनचा ताबा मिळवणं म्हणजे फिशिंग. ते ईमेलवर होतं, एसएमएसवर होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर होतं आणि साध्या फोनवरही होतं.

तीच चाल, नाशिककरांच्या फोनवर

इगतपुरीतून होणारे फोन परदेशात जात होते, असा आरोप आहे. नाशिकमधल्या फोनवर येणारे संदेश दुसरीकडून येतात, पण त्यांची बांधणी तशीच असते.

पहिलं उदाहरण वीजबिलाचं. 'मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल. त्वरित वीज अधिकाऱ्यांशी संपर्क साधा', आणि खाली एक दहा आकडी मोबाईल नंबर. महावितरणने अशा संदेशांबद्दल वारंवार सावध केलं आहे. कंपनीचे अधिकृत एसएमएस 'एमएसईडीसीएल' हे नाव असलेल्या सेंडर आयडीवरून येतात, कुणाच्या वैयक्तिक मोबाईलवरून येत नाहीत. यात आणखी एक मुद्दा आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे 'थकबाकीमुळे आज रात्री वीज तोडतो' ही धमकीच नियमात बसत नाही. शंका असेल तर १९१२ या क्रमांकावर स्वतः फोन करून बिलाची स्थिती विचारता येते.

दुसरं उदाहरण फाइलचं. 'आपल्या वाहनावर दंड आकारला आहे, पावती पाहा' असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतो आणि सोबत 'आरटीओ चलन' नावाची फाइल असते. कधी ती बँकेच्या केवायसीची असते, कधी पीएम किसानची, कधी चक्क लग्नपत्रिका. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. याचा अर्थ तो फोटो किंवा पीडीएफ नसून अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप आहे. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. ती दिली की बँकेकडून येणारा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. 'मी तर ओटीपी कुणालाच सांगितला नाही' असं म्हणणाऱ्यांचे पैसे जातात ते या वाटेने. खरं ई-चलन पाहायचं असेल तर परिवहन किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येतं. त्यासाठी कुणी पाठवलेली फाइल उघडावी लागत नाही.

तिसरं आणि सर्वांत क्रूर उदाहरण 'डिजिटल अरेस्ट'चं. इथे तिन्ही पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिला फोन कुरिअर कंपनीचा किंवा दूरसंचार खात्याचा: 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत' किंवा 'तुमच्या आधारवर घेतलेलं सिम गुन्ह्यात वापरलंय'. दुसरा व्हिडिओ कॉल गणवेशातल्या 'पोलिस अधिकाऱ्याचा'. मागे अशोकस्तंभ, टेबलावर झेंडा, हातात 'अटक वॉरंट'. कॉल बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही. तिसरी पायरी: 'रिझर्व्ह बँकेच्या पडताळणीसाठी' सगळे पैसे दिलेल्या खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. काही प्रकरणांत खोटं न्यायालय आणि खोटे न्यायाधीशही व्हिडिओ कॉलवर उभे केले गेले आहेत.

व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. कोणताही पोलिस अधिकारी किंवा न्यायालय पडताळणीसाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हा विषय मांडून थांबा, विचार करा, मग कृती करा, असं आवाहन केलं होतं. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

शिकलेली माणसं का फसतात?

'एवढं कसं कळलं नाही?' हा प्रश्न फसलेल्या माणसाला घरातूनच पहिल्यांदा विचारला जातो. त्याचं उत्तर दोन प्रकरणांत मिळतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुमारे १ कोटी १ लाख रुपयांची फसवणूक झाली. कंपनीच्या एका संचालकाला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप संदेश आले. काही खात्यांमध्ये ताबडतोब पैसे पाठवा, असं त्यांत म्हटलं होतं. पैसे गेले. नंतर कळलं की साहेबांनी असा संदेश पाठवलाच नव्हता.

दुसरं प्रकरण जगातल्या सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचं. लिथुआनियाच्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात गुगल आणि फेसबुकला खोट्या ईमेल आणि खोट्या बिलांच्या आधारे १० कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसवलं. या दोन्ही कंपन्या तैवानच्या ज्या पुरवठादाराकडून माल घेत, त्याच्याच नावाची कंपनी त्याने दुसऱ्या देशात नोंदवली आणि बिलं पाठवली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणांत फसलेले लोक अडाणी नव्हते. ते नेहमीचं काम नेहमीच्या पद्धतीने करत होते. साहेबांचा आदेश पाळणं, पुरवठादाराचं बिल चुकतं करणं ही रोजचीच कामं. घाई, धाक किंवा सवय यांपैकी एक गोष्ट पुरेशी असते. अंबड-सातपूरचा एखादा कारखानदार किंवा युरोपला द्राक्षं पाठवणारा निर्यातदार यांच्यासाठी हा धोका खरा आहे. 'आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात पाठवा' अशी ईमेल ओळखीच्या नावाने आली, तर उत्तर ईमेलवर देऊ नये. आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर त्या माणसाशी बोलून घ्यावं आणि मगच पैसे पाठवावेत. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय करायला बँकांना सांगितलं आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ईमेल आणि लिंक कशी वाचायची?

ईमेलवर पाठवणाऱ्याचं जे नाव ठळक दिसतं ते कुणीही काहीही ठेवू शकतं. नावावर बोट टेकवलं की खाली खरा पत्ता दिसतो. 'अ‍ॅट' चिन्हानंतर काय आहे, ते पाहायचं. बँकेच्या नावाने आलेल्या ईमेलमध्ये तिथे जीमेल किंवा अनोळखी नाव असेल तर ती ईमेल बँकेची नाही. पण पत्ता बरोबर दिसला म्हणून ईमेल खरीच असते, असंही नाही. खऱ्या माणसाचं खातंच चोराच्या हाती गेलेलं असू शकतं.

लिंक वाचण्याची युक्ती टपालाच्या पत्त्यासारखी आहे. 'पंचवटी अपार्टमेंट' नावाची इमारत मुंबईत, पुण्यात, कुठेही असू शकते. इमारतीच्या नावावरून गाव कळत नाही, ते पत्त्याच्या शेवटी कळतं. संकेतस्थळाच्या पत्त्याचंही तसंच. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे शब्द मालक कोण ते सांगतात. समजा, लिंकमध्ये 'महावितरण डॉट बिल-भरा-आज डॉट कॉम' असं लिहिलं आहे. इथे मालक 'बिल-भरा-आज' नावाचा कुणी तरी आहे. सुरुवातीचं 'महावितरण' हे फक्त इमारतीला दिलेलं नाव.

बँकांच्या बाबतीत आता एक चांगली खूण तयार झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवट असलेल्या पत्त्यावर न्यायची होती. हा शेवट असलेला पत्ता रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली हैदराबादची 'आयडीआरबीटी' ही संस्था देते आणि तो फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे बँकेचं पान उघडल्यावर पत्त्याचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह मात्र पुरेसं नाही. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर माहिती त्याच्याकडे सुरक्षित पोचते, एवढंच.

एसएमएसचीही एक खूण आहे. कंपन्यांचे संदेश दहा आकडी क्रमांकावरून न येता इंग्रजी अक्षरांच्या सेंडर आयडीवरून येतात. 'ट्राय'च्या २०२५ च्या नियमांनुसार त्या आयडीच्या शेवटी एक अक्षर असतं: जाहिरातीसाठी 'पी', सेवेसाठी 'एस', व्यवहारासाठी 'टी' आणि सरकारी संदेशासाठी 'जी'. बँकांनी सेवा आणि व्यवहारांसाठी करायचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. साध्या मोबाईल नंबरवरून 'बँकेतून बोलतोय' असं कुणी म्हणालं तर तिथेच शंका घ्यावी.

पूर्वी अशुद्ध भाषा ही खोट्या संदेशाची मोठी खूण मानली जायची. आता तिच्यावर विसंबता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने कुणालाही शुद्ध मराठीत, सरकारी थाटात पत्र लिहून घेता येतं. माणसाच्या आवाजाची नक्कलही करता येते.

दिसण्यापेक्षा चाल पाहा

बोधचिन्ह, भाषा, गणवेश, आवाज, यांतल्या कशाचीही नक्कल होऊ शकते. पण फसवणुकीची चाल बदलत नाही, कारण तिच्याशिवाय पैसे मिळत नाहीत. संदेश किंवा फोन आल्यावर स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. आधी संपर्क कुणी केला? आपण काहीच मागितलेलं नसताना समोरून फोन, लिंक किंवा फाइल आली का?

२. मुदत घातली आहे का? 'आज रात्री', 'दोन तासांत', 'आत्ताच' असे शब्द असले तर विचार करायला वेळ मिळू नये हाच हेतू असतो. आमिष असलं तरी हेच: 'योजना आज संध्याकाळपर्यंतच'.

३. दुसऱ्याशी बोलण्यापासून अडवलं जातंय का? 'कॉल कट करू नका', 'घरी सांगू नका', 'बँकेत विचारलं तर घराच्या कामासाठी म्हणा'. खऱ्या अधिकाऱ्याला तुम्ही मुलाशी किंवा वकिलाशी बोललात तर काही अडचण नसते.

४. शेवटी मागणी कशाची आहे? ओटीपी, यूपीआय पिन, पडदा दाखवणारं अ‍ॅप, अनोळखी खात्यात पैसे, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो. यांपैकी काही मागितलं की उरलेल्या गोष्टी तपासायची गरज नाही.

यूपीआयबाबत एक नियम पाठ असावा: पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला काढल्यावर 'पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा' असं म्हणणारा गिऱ्हाईक नसतो. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची 'कलेक्ट' सोय याच गैरवापरामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

उपाय एकच आणि साधा आहे. फोन ठेवायचा. मग त्या संस्थेशी आपण स्वतः संपर्क करायचा, तोही कार्डाच्या मागे, पासबुकवर किंवा जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर. संदेशात दिलेला नंबर वापरायचा नाही. गुगलवर शोधून पहिला दिसलेला 'कस्टमर केअर' नंबरही नको, कारण तिथे खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. डायलर, व्हेरिफायर आणि क्लोजर यांची सगळी साखळी एका गोष्टीवर उभी असते: समोरचा माणूस फोनवर टिकून राहिला पाहिजे. फोन ठेवला की साखळी तुटते. संदेश खरा असेल तर दहा मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही.

यासोबत दोन तांत्रिक सवयी लावाव्यात. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. ईमेलचा ताबा गेला की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात, म्हणून ईमेलचा पासवर्ड वेगळा आणि मोठा असावा. दुसरं, पासवर्ड लक्षात ठेवणारी सोय वापरावी. खोट्या संकेतस्थळावर ती आपोआप पासवर्ड भरत नाही, कारण तिच्या दृष्टीने पत्ता वेगळा असतो. डोळ्यांना न दिसलेला फरक तिला दिसतो.

पैसे गेलेच तर?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर पोचला. २०२१ मध्ये तक्रार यंत्रणा सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत १७ लाख ८२ हजारांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम वाचवता आली. म्हणजे पैसे वाचू शकतात, पण सगळ्यांचे वाचत नाहीत. फरक पडतो तो बहुतेक वेळा वेळेमुळे.

फसवणुकीचा पैसा पहिल्या खात्यात फार काळ राहत नाही. काही मिनिटांत तो दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात तुकड्या-तुकड्यांनी फिरतो आणि शेवटी एटीएममधून निघतो किंवा क्रिप्टोत जातो. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली की व्यवहाराचा तपशील संबंधित बँकांकडे जातो आणि ज्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तिथे ती गोठवली जाते. म्हणून क्रम असा ठेवावा:

आधी १९३० वर फोन करावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. फोन लागत नसेल तर 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरावी.

लगेच बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगावं आणि तक्रार क्रमांक घ्यावा.

संशयास्पद अ‍ॅप बसवलं असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करावं आणि वरचे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करावेत. फोन पूर्ण साफ करून घेतल्याशिवाय त्यावर बँकिंग करू नये.

संदेश, कॉलची नोंद, स्क्रीनशॉट पुसू नयेत. फोन साफ करण्याआधी ते दुसरीकडे जपून ठेवावेत. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण पोलिसांची स्वतंत्र सायबर पोलिस ठाणी आहेत. जवळच्या पोलिस ठाण्यातही तक्रार देता येते.

बँकेला लवकर कळवण्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा: चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत दिली तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी ठरावीक मर्यादेपर्यंत राहते. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही असेच नियम लागू झाले.

पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरच्या 'चक्षु' विभागात तो नंबर कळवता येतो.

खातं भाड्याने देणाऱ्यांसाठी

चोरीचा पैसा फिरवायला शेकडो बँक खाती लागतात. ती चोरांच्या नावावर नसतात. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो', 'पैसे तुझ्या खात्यात येतील, तू फक्त पुढे पाठव, दोन टक्के तुझे' अशी आमिषं कॉलेजच्या मुलांना, बेरोजगार तरुणांना आणि छोट्या दुकानदारांना दाखवली जातात. पोलिस पैशांच्या मागावर निघतात तेव्हा सर्वांत आधी सापडतं ते हेच खातं. खातेदार अटकेपर्यंत जाऊ शकतो आणि खातं गोठतं ते वेगळंच. कुठेही 'कामासाठी' पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं जात असेल तर ते काम नोकरी नव्हे.

कॉल सेंटरमधल्या नोकरीचंही तसंच. इगतपुरीत सापडलेले ६२ जण कर्मचारी म्हणून तिथे बसले होते. दुसऱ्या कंपनीचं नाव सांगून बोलायचं, स्वतःचं खरं नाव लपवायचं आणि ग्राहकाला गिफ्ट कार्ड घ्यायला लावायचं, अशी संहिता हातात पडली तर तिथे काय चाललं आहे हे पहिल्याच दिवशी कळतं.

घरात ठरवून ठेवायच्या गोष्टी

फसवणारे एकट्या माणसाला गाठतात. म्हणून सगळ्यात चांगली तयारी घरच्यांनी मिळून करायची असते. एका ठरावीक रकमेपुढचा कोणताही व्यवहार घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगितल्याशिवाय करायचा नाही, असं आधीच ठरवावं. रोजच्या खर्चाचं खातं आणि बचतीचं खातं वेगळं ठेवावं आणि मोठी बचत असलेल्या खात्याला यूपीआय जोडू नये. 'मी अडचणीत आहे, पैसे पाठव' असा मुलाच्या किंवा नातवाच्या आवाजातला फोन आला तर विचारायचा एक शब्द घरात ठरवून ठेवावा. १९३० हा नंबर आजी-आजोबांच्या फोनमध्ये जतन करून द्यावा आणि कागदावर लिहून भिंतीवरही लावावा.

आणि कुणी फसलंच तर रागावणं पुढे ढकलावं. घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने अनेक ज्येष्ठ नागरिक दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्या वेळात गोठवता आली असती ती रक्कमही निघून जाते. आधी १९३० वर फोन, मग बँक. बाकीचं नंतर बोलता येईल.